रिसर्च शून्य, फाउंड्रीत दोन वर्षं: मास्टर्सला कोण दारात उभं करणार?

सँडप्लांट_शिरोली | 29 जून, रात्री 11:42

मंडळी नमस्कार. इथं बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

2023 ला मेकॅनिकल झालो, सीजीपीए 7.1. तेव्हापासून शिरोली एमआयडीसीत एका जॉबिंग फाउंड्रीत (गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीप्रमाणं धातू ओतून भाग करणारा कारखाना) क्वालिटीला आहे. पंपाची केसिंग (बाहेरचं कवच) जास्त करतो, बाकी सटरफटर. मटेरियल किंवा मॅन्युफॅक्चरिंगमध्ये मास्टर्स करायचं डोक्यात आहे. जर्मनी, अमेरिका, जे जमेल ते.

अडचण अशी की कुठलाही फॉर्म उघडला की 'रिसर्च एक्सपिरियन्स' हा रकाना समोर येतो आणि मी लॅपटॉप मिटतो. पेपर नाही, समर इंटर्नशिप नाही. फायनल इयरचा प्रोजेक्ट आम्ही चौघांनी वर्गणी काढून तयार विकत आणला होता. हसू नका, निम्म्या वर्गानं आणला होता. त्याच्यावर कुणी दोन प्रश्न विचारले तर तिसऱ्याला मी गप्प.

परवा सुट्टी टाकून पुण्यात एका कन्सल्टन्सीत गेलो. मार्कलिस्ट बघून मॅडम म्हणाल्या, प्रोफाइल वीक आहे, आमच्याकडं इंटरनॅशनल जर्नलमध्ये पेपर छापून द्यायचं पॅकेज आहे, पंधरा हजार. विषय तेच देणार, लिहिणार पण तेच. एसटीनं परत येताना कराडपर्यंत त्याचाच विचार करत होतो.

तर सांगा. रिसर्च नसताना अर्ज करण्यात काही अर्थ आहे का? आणि ते पॅकेज घेऊ का?

---

रस्सावाहिनी | 29 जून, रात्री 11:51

पयला! आता वाचतो.

---

रस्सावाहिनी | 29 जून, रात्री 11:58

वाचलं. भावा, पंधरा हजारात दुसऱ्यानं लिहिलेलं आपल्या नावावर? ह्याच आठवड्यात अख्खं कोल्हापूर प्राडाच्या नावानं बोंबलालंय, आपली चप्पल नाव न सांगता मिलानला चालवली म्हणून. आणि तू उलट्या दिशेनं प्राडा व्हायला निघालायस.

---

गेट_क्रॅशर | 30 जून, सकाळी 8:15

परदेशाचं खूळ कशाला? गेट दे. आयआयटीच्या एमटेकला गेटचा स्कोअर मुख्य, पेपर कोण विचारत नाही. स्कोअर तीन वर्षं चालतो, वर महिना 12,400 स्टायपेंड. फाउंड्रीच करायची असेल तर रांचीला जा, 1966 पासूनची संस्था आहे. आधी निफ्ट म्हणायचे, आता नाव बदलून नायमट झालंय. घरून एक रुपया न घेता मास्टर्स होतं.

---

सँडप्लांट_शिरोली | 30 जून, सकाळी 8:40

@गेट_क्रॅशर एकदा दिली होती. स्कोअर विचारू नका.

---

आखनकर | 30 जून, दुपारी 2:20

मूळ कसबा बावडा, सध्या जर्मनीतलं आखन. तुझ्यासारखाच होतो, 6.9 वाला, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे कळून घे की मास्टर्स एकाच जातीचं नसतं. अमेरिकेत थीसिसवालं एमएस वेगळं आणि नुसत्या कोर्सवर्कचं एमएस किंवा एमइंज वेगळं. थीसिसवाल्याला प्रोफेसर स्वतःच्या ग्रँटमधून आरएशिप (संशोधन सहायकाचं काम) देणार असतो, म्हणजे तो तुला पगारावर ठेवतोय. तो विचारणारच की ह्या पोरानं आधी काय केलंय. कोर्सवर्कवाल्याला फी तू भरणार, तिथं मार्क, शिफारसपत्रं आणि एसओपी (हा कोर्स का करायचा ते सांगणारा निबंध) बघतात. रिसर्च असला तर चांगलंच, नसला म्हणून फॉर्म कचऱ्यात जात नाही. तू दोन्हींना एकच काठी लावून घाबरलायस.

जर्मनीत तर बऱ्याच ठिकाणी पहिली चाळणी कारकुनी असते. तुझ्या बीईच्या विषयांचे क्रेडिट त्यांच्या यादीशी जुळतात का, आणि मार्क जर्मन पद्धतीत किती होतात. सूत्र असं: कमाल ग्रेडमधून तुझी ग्रेड वजा कर, त्याला कमाल वजा किमान पास ग्रेडनं भाग, तीननं गुण, एक मिळव. कमाल 10, तुझं 7.1 आणि पास ग्रेड 4 धरली तर 2.45 येतं. तिकडं आकडा कमी तेवढा चांगला. पुष्कळ कोर्सना 2.5 ची मर्यादा असते, म्हणजे तू आत. पण पास ग्रेड 5 धरली तर 2.74, बाहेर. म्हणून ट्रान्सक्रिप्टवर पास ग्रेड काय छापलीय ते आधी बघ. माझ्या एका मित्राचा अर्ज निव्वळ ह्या एका आकड्यापायी परत आला.

आणि मेकॅनिकलवरून मटेरियलला उडी मारताना क्रेडिट कमी पडतात. रिसर्चपेक्षा ह्याची काळजी कर.

---

उद्यमनगरचा_काका | 1 जुलै, सकाळी 7:05

मी चाळीस वर्षं कास्टिंग ओततोय. बाबूराव पेंटरांनी 1918 मध्ये ह्याच कोल्हापुरात स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला. त्यांच्याकडं कुठला पेपर होता? आपल्याकडं डोकं चालवणारी माणसं लेथवर हाय, कागदावर न्हाईत. पोरा, तिकडं जाऊन तुला जे शिकवतील ते माझा मेल्टर तुला फुकट शिकवेल.

---

आखनकर | 1 जुलै, सकाळी 11:30

@काका, मान्य. पण तुमचा मेल्टर भट्टीत काय टाकतो ते सांगेल, का टाकतो ते विचारलं की 'आमच्या उस्तादानं सांगितलं' म्हणेल. तो 'का' शिकायला पोरगं जातंय.

---

उद्यमनगरचा_काका | 1 जुलै, सकाळी 11:48

उस्तादाचं ऐकून माझं रिजेक्शन कमी हाय. तुझ्या आखनातल्या सरांचं किती?

---

शाई_वाळली | 1 जुलै, रात्री 10:10

मी उलटं बोलणार आहे, दगड मारा. मी असा पेपर छापलाय. पंधराशे रुपये, तीन दिवसांत स्वीकारला, रिव्ह्यूमध्ये फक्त 'गुड वर्क' लिहून आलं. अमेरिकेत ॲडमिट मिळाला, आता नोकरीला आहे. सगळे करतात. नैतिकतेचे डोस पोटभरल्यांनी द्यावेत.

---

आखनकर | 1 जुलै, रात्री 11:02

@शाई_वाळली तुला ॲडमिट पेपरमुळं मिळाला की पेपर असूनही मिळाला, हे तुला तरी कसं कळणार? आमच्याकडं ज्यानं हे केलं होतं त्याला व्हिडिओ मुलाखतीत एकच विचारलं, तुमच्या आलेखात य-अक्षावर काय आहे. पुढचं सगळं तिथंच अडलं.

---

निवृत्त_मास्तर | 2 जुलै, पहाटे 5:30

मी तीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवले. विकत आणलेले प्रोजेक्ट पाहिले आणि सही केली, त्याची लाज आहे. त्यामुळे उपदेश करत नाही, प्रश्न विचारतो.

सँडप्लांट, तुम्ही रोज कामावर नेमके काय करता? 'क्वालिटी' असे एका शब्दात सांगू नका. सकाळी गेटमधून आत गेल्यापासून सांगा.

---

सँडप्लांट_शिरोली | 2 जुलै, रात्री 9:55

सर, फर्स्ट शिफ्ट असली की सातला जातो. पहिलं काम सँड लॅब. मिक्सरमधनं वाळू घ्यायची, मॉइश्चर, कॉम्पॅक्टेबिलिटी, ग्रीन स्ट्रेंग्थ काढायची आणि बोर्डावर लिहायची. मग काल ओतलेलं शॉट ब्लास्ट होऊन (छऱ्यांच्या माऱ्यानं साफ होऊन) येतं, ते बघायचं. ब्लोहोल (अडकलेल्या वायूची पोकळी), श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी), सँड ड्रॉप, कोल्ड शट, जो दोष असेल त्याप्रमाणं ढीग वेगळे. दुपारी कस्टमरचे फोन आणि शिव्या.

एक गोष्ट आहे, रिसर्च म्हणायची लाज वाटते. गेल्या पावसाळ्यात केसिंगला ब्लोहोल फार यायला लागले. साहेब म्हणायचे वाळू ओली आहे. पण माझं मॉइश्चर रोज तेवढंच. मग मी घरची दोनशे पानी वही नेली आणि कुठल्या दिवशी किती गेले ते लिहायला लागलो. दोन महिन्यांनी दिसलं की साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी जास्त जातात. डोकं खाजवलं. मग कळलं, सुट्टीच्या आदल्या दिवशी कोअर (कास्टिंगच्या आतली पोकळी धरणारे वाळूचे गाभे) करून ठेवतात, ते दीड दिवस पत्र्याच्या शेडमध्ये तसेच पडतात. सीओटूचे कोअर, म्हणजे वाळूत सोडियम सिलिकेट घालून सीओटू वायूनं कडक केलेले, पावसाळी हवेत पाणी धरतात. नखानं कड कुरतडली तर भुसभुशीत लागायची. ओतलं की त्या पाण्याची वाफ, आणि वाफ बाहेर पडायला जागा नाही मिळाली की ब्लोहोल.

साहेबांना सांगून ते कोअर ओतायच्या आधी ओव्हनमध्ये अर्धा तास भाजायला लावले. ब्लोहोलचं रिजेक्शन नऊ टक्क्यांवरून चारवर आलं. एवढंच.

---

रस्सावाहिनी | 2 जुलै, रात्री 10:01

एवढंच?? आणि हा बाबा पंधरा हजारात पेपर घ्यायला पुण्याला गेलता!

---

निवृत्त_मास्तर | 3 जुलै, पहाटे 5:20

छान. आता थोडा त्रास देतो.

कोअर भाजायला लागल्यापासून दुसरे काय काय बदलले? पाऊस कमी झाला का? सिलिकेट तेच होते का? ओतणारा माणूस तोच होता का?

---

सँडप्लांट_शिरोली | 3 जुलै, रात्री 10:30

सर, वही बघितली. भाजायला सुरुवात केली 9 सप्टेंबरला. त्याच आठवड्यात सोडियम सिलिकेटचा सप्लायर बदलला होता. आणि पाऊसही ओसरला होता. म्हणजे माझं काहीच खरं नाही का?

---

निवृत्त_मास्तर | 4 जुलै, पहाटे 5:15

खरे असेलही. पण तुम्हाला ते माहीत नाही, एवढेच आज समजले. हे समजायला पुष्कळांना पीएचडीची दोन वर्षे लागतात.

या पावसाळ्यात पुन्हा करा. एकाच दिवशी, एकाच बॅचचे कोअर घ्या. निम्मे भाजा, निम्मे तसेच ठेवा. एकाच हीटमधून (भट्टीतल्या एकाच वेळच्या रसातून) दोन्ही ओता. कुठला कोअर भाजायचा हे नाणे उडवून ठरवा, मनाने नको. आणि जो तपासतो त्याला कुठला कुठला ते कळता कामा नये.

---

उद्यमनगरचा_काका | 4 जुलै, सकाळी 7:10

मास्तर, तुमचं सगळं बरोबर, पण कोअर एकदा मोल्डमध्ये, वाळूच्या साच्यात, गेला की ओळखायचा कसा? रंगाची खूण जळून जाती.

पोरा, असं कर. ज्या मोल्डमध्ये भाजलेला कोअर बसवलायस, त्याच्या फ्लँजच्या बाजूला वाळूत खिळ्यानं एक रेघ वढ. मोल्डमधली रेघ कास्टिंगवर उठून येती. शॉट ब्लास्ट झालं तरी जाणार न्हाई. मशिनिंगला जाणारी बाजू सोडून वढ, न्हायतर कस्टमर बोंबलंल. आणि तपासणाऱ्याला सांग पॅटर्नची, साचा पाडायच्या नमुन्याची, खूण हाय.

---

आखनकर | 4 जुलै, दुपारी 1:05

काका, दंडवत. कालपर्यंत पोराला थांबवत होता.

---

उद्यमनगरचा_काका | 4 जुलै, दुपारी 1:20

थांबवालोय अजून. पण करायचं तर नीट कर की.

---

तिसरं_वर्ष | 6 जुलै, रात्री 11:15

धागा हायजॅक करतो, माफ करा. मी थर्ड इयरला आहे, गोकुळ शिरगावच्या बाजूच्या कॉलेजात. मला आत्तापासून काय करता येईल?

---

आखनकर | 7 जुलै, दुपारी 12:40

@तिसरं_वर्ष तुझ्याकडं वेळ आहे, ऐश कर. विज्ञान अकादम्यांची समर रिसर्च फेलोशिप असते, दोन महिने एखाद्या आयआयटीत किंवा संशोधन संस्थेत काम. जर्मनीसाठी डाड ह्या तिकडच्या संस्थेची वाइज इंटर्नशिप, कॅनडासाठी मिटॅक्स ग्लोबलिंक इंटर्नशिप, ती बारा आठवड्यांची. ह्या सगळ्या शिकत असणाऱ्यांसाठी असतात, पास झाल्यावर दार बंद. नाहीच मिळालं तर स्वतःच्याच कॉलेजातल्या एखाद्या सरांच्या मागं लाग, ज्यांची लॅब खरोखर चालू असते.

आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट विकत घेऊ नकोस. इथला मूळ धागाकर्ता साक्षीला आहे.

---

सँडप्लांट_शिरोली | 7 जुलै, रात्री 10:00

साक्षीला आहे.

---

कागलची_आई | 12 जुलै, दुपारी 3:30

मुलगी दोन वर्षांपूर्वी अमेरिकेला गेली, कोर्सवर्कचं एमएस. तिच्याकडे पण रिसर्च नव्हता. आठ ठिकाणी अर्ज केले, तीन ठिकाणी मिळालं. ॲडमिट येईपर्यंत सगळं सोपं वाटतं हो, मग बँक सुरू होते. आमच्याकडे ऊस पावणेदोन एकर. मला वाटलं जमीन आहे, काय चिंता. बँकेतल्या साहेबांनी सातबारा बघून तसाच परत सरकवला, शेतजमीन तारण चालणार नाही म्हणाले. शेवटी दिरांचा एनए प्लॉट होता तो ठेवला. दिवाळीला त्यांच्याकडे जाताना अजून अवघडल्यासारखं होतं.

तुमच्या मुलांच्या गप्पांत पैशाचं कोणी बोलत नाही म्हणून लिहिलं.

---

आखनकर | 12 जुलै, रात्री 9:15

ताई, बरं झालं लिहिलंत. जर्मनीचं सांगतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात बिगर-युरोपियनांना सेमिस्टरला 1500 युरो आहे, आणि म्युनिकच्या टीयूनंही (तांत्रिक विद्यापीठानं) फी लावलीय. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, आजच्या भावानं साधारण बारा लाख. ते आपलेच असतात, दरमहा 992 हातात येतात, पण आधी एकरकमी भरावे लागतात. शिवाय नोव्हेंबर 2022 पासून भारतीयांना एपीएस सर्टिफिकेट (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) सक्तीचं आहे, ते वेळेत काढा.

आपल्याकडं राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं समाजकल्याणची परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी. बसत असेल त्यानं अटी नीट वाचून जरूर भरावी.

---

रस्सावाहिनी | 13 जुलै, सकाळी 9:00

आखनात मिसळ मिळती का हा प्रश्न कुणीच विचारला नाही अजून.

---

आखनकर | 13 जुलै, दुपारी 1:45

मटकीला मोड आणतो हिटरवर. कट जमतो. फरसाण आईनं दिलेलं असतं तोपर्यंत घर, नंतर कॉर्नफ्लेक्स. कॉर्नफ्लेक्सवर कुणी बोलायचं नाही.

---

रस्सावाहिनी | 13 जुलै, दुपारी 1:47

कॉर्नफ्लेक्स. तुझा जिल्हाबंदीचा आदेश काढतो.

(इथून पुढं एकवीस प्रतिसाद पाव की ब्रेड ह्यावर गेले. संपादकांनी ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.)

---

सँडप्लांट_शिरोली | 20 जुलै, रात्री 10:50

पहिला आठवडा झाला. साहेब आधी तयार नव्हते, म्हणाले मुद्दाम न भाजलेले ओतायचे म्हणजे मुद्दाम रिजेक्शन करायचं का. मी म्हटलं गेल्या वर्षी जूनमध्ये सगळेच न भाजलेले ओतत होतो. मग हो म्हणाले.

120 भाजलेले, 120 न भाजलेले. ब्लोहोलनं गेले ते भाजलेल्यात 4, न भाजलेल्यात 5. फरक काहीच नाही. आठवडाभर ऊन पडलं होतं. सगळं मुसळ केरात.

---

निवृत्त_मास्तर | 21 जुलै, पहाटे 5:10

केरात नाही. वहीत. ऊन होते हेही लिहा. हवेतला दमटपणा मोजता का? ओल्या-कोरड्या बल्बचा थर्मामीटर फार महाग नसतो. कोअर जिथे ठेवता तिथे टांगा.

---

शाई_वाळली | 21 जुलै, सकाळी 10:20

बघा, म्हणून पॅकेज बरं. तिथं पहिल्याच आठवड्यात फरक येतो.

---

उद्यमनगरचा_काका | 21 जुलै, सकाळी 10:31

@शाई_वाळली हे मात्र भारी बोललास.

---

सँडप्लांट_शिरोली | 10 ऑगस्ट, रात्री 11:20

मध्ये ऑर्डर नव्हती म्हणून उशीर. दुसरा आठवडा, संततधार. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे पाणीपातळीचे आकडे बघत कामावर जायचो.

परत 120 आणि 120. भाजलेल्यात 5 गेले, न भाजलेल्यात 13. तपासणारा मामा सारखा विचारत होता, ह्या खुणेच्या पॅटर्नचं माल चांगलं का येतंय रे. सांगितलं नाही.

---

रस्सावाहिनी | 10 ऑगस्ट, रात्री 11:24

नाद खुळा!!! ब्लोहोलला पण जाळ!

---

निवृत्त_मास्तर | 11 ऑगस्ट, पहाटे 5:25

अभिनंदन. पण हिशेब करू. नुसता दुसरा आठवडा धरला तर फरक संख्याशास्त्राच्या नेहमीच्या मर्यादेवर (फरक निव्वळ योगायोगाचा नसावा असे म्हणायची हद्द) अगदी काठावर येतो. दोन्ही आठवडे मिळवले, 240 मध्ये 9 आणि 240 मध्ये 18, तर काठाच्या आतही येत नाही. पहिला आठवडा गाळायचा मोह होईल. गाळू नका.

तुमचा प्रश्न आता बदलला आहे. 'भाजल्याने फरक पडतो का' हा जुना. 'किती दमट हवेत फरक पडायला लागतो' हा नवा. याचे उत्तर तुमच्याकडे नाही, आणि ते शोधायला साधने लागतात. मास्टर्सला कशासाठी जायचे आहे असे कोणी विचारले तर मी हेच सांगेन.

---

गेट_क्रॅशर | 18 ऑगस्ट, सकाळी 9:30

आज हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, ट्रॅफिकचा बट्ट्याबोळ आहे, कुणी तिकडं फिरकू नका. कोल्हापूरनं बेंचसाठी चाळीस वर्षं वाट बघितली, सँडप्लांट एवढ्यात घाबरतोय.

ता.क. आयआयटी मुंबईची ई-फाउंड्री म्हणून साइट आहे, फुकट. कास्टिंगचे धडे आणि सिम्युलेशन आहे. तुझं केसिंग त्यात टाकून बघ, श्रिंकेजचा भाग तरी वेगळा काढता येईल. ह्या धाग्यावर राहून मला पण फाउंड्री यायला लागली.

---

सँडप्लांट_शिरोली | 7 सप्टेंबर, रात्री 10:15

एसओपी लिहायला घेतलाय. सुरुवातीचं मराठीत टाकतो, फोडून काढा:

'लहानपणापासून मला यंत्रांचे विलक्षण आकर्षण होते. वडिलांची स्कूटर दुरुस्त होताना पाहून माझ्या मनात अभियांत्रिकीचे बीज रोवले गेले...'

---

आखनकर | 7 सप्टेंबर, रात्री 10:40

स्कूटर विक. ही ओळ वाचून समितीतल्या माणसाचे डोळे मिटतात, दिवसभरात त्यानं ती चाळीस वेळा वाचलेली असते.

---

कागलची_आई | 7 सप्टेंबर, रात्री 10:52

माझ्या मुलीनं पण हेच लिहिलं होतं. स्कूटरच्या जागी मिक्सर.

---

उद्यमनगरचा_काका | 8 सप्टेंबर, सकाळी 6:50

नखानं कोअर कुरतडला ते लिही की. तितनं सुरू कर.

---

सँडप्लांट_शिरोली | 14 सप्टेंबर, रात्री 11:35

काकांचं ऐकलं. आता अशी आहे:

'जुलैमधल्या एका सकाळी मी शेडमध्ये दीड दिवस पडलेल्या कोअरची कड नखाने खरवडली आणि ती भुग्यासारखी सुटली. त्या दिवशी वाळूतला ओलावा नेहमीइतकाच होता, तरी नेहमीपेक्षा जास्त केसिंग ब्लोहोलने गेली. पुढच्या वर्षी मी 480 कोअरवर तुलना केली. कोरड्या आठवड्यात भाजण्याने काही फरक दिसला नाही, पावसाळी आठवड्यात दिसला. दोन्ही एकत्र घेतले तर माझा निष्कर्ष ठाम नाही. दमटपणा आणि दोष यांचा नेमका संबंध मांडायला लागणारे ज्ञान माझ्याकडे नाही.'

शेवटची दोन वाक्यं ठेवू का? स्वतःच्या तोंडानं 'ठाम नाही' म्हणायचं म्हणजे...

---

निवृत्त_मास्तर | 15 सप्टेंबर, पहाटे 5:05

ठेवा.

---

शाई_वाळली | 15 सप्टेंबर, सकाळी 9:40

ठेव. (मी असं बोललो हे कुठं सांगू नका.)

---

आखनकर | 15 सप्टेंबर, दुपारी 12:15

ठेव. आणि रकान्यात 'रिसर्च एक्सपिरियन्स' खाली 'कारखान्यातील प्रायोगिक अभ्यास' लिही, कंपनीची परवानगी घेऊन, कस्टमरचं नाव न टाकता. फुगवू नकोस.

शिफारसपत्रांचं काय केलंस? अमेरिकेत बहुधा तीन मागतात, त्यातलं एकतरी शिकवणाऱ्या माणसाचं असलेलं बरं.

---

सँडप्लांट_शिरोली | 15 सप्टेंबर, रात्री 10:20

एक साहेब देणार आहेत. कॉलेजातल्या एका सरांना फोन केला, ते म्हणाले तूच लिहून आण, मी सही करतो. मी म्हटलं सर, वही घेऊन येऊ का, तुम्ही बघा आणि मग लिहा. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले ये रविवारी.

गेलो होतो. दोन तास बसवून घेतलं. वही चाळताना एका पानावर थांबले आणि म्हणाले, ह्या दिवशी 31 कास्टिंग ओतली आणि 34 तपासली, हे कसं? आदल्या दिवशीची तीन मिसळली होती. मला वर्षभर दिसलं नव्हतं.

---

कागलची_आई | 21 सप्टेंबर, सकाळी 10:05

शुक्रवारी अमेरिकेनं नव्या एच-वन-बी (तिकडचा नोकरीचा व्हिसा) अर्जावर एक लाख डॉलर लावले म्हणे. मुलीचा रात्री दोनला फोन. ती अजून ओपीटीवर (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची मुभा) आहे, स्टेमवाल्यांना म्हणजे विज्ञान-इंजिनिअरिंगवाल्यांना बारा अधिक चोवीस महिने मिळतात, त्यातला काळ आहे हाताशी. तरी झोप नाही. सँडप्लांट, अर्ज करताना हे पण डोक्यात असू द्या.

---

सँडप्लांट_शिरोली | 21 सप्टेंबर, रात्री 9:30

ताई, घरी हेच बोलणं चाललंय. बाबांनी बातमी बघून टीव्ही बंद केला. अमेरिकेचे चारच्या जागी एकच करणार, तेही थीसिसवालं, प्रोफेसरांना आधी मेल टाकून. बाकी जर्मनी. मुलीला धीर द्या.

---

उद्यमनगरचा_काका | 27 सप्टेंबर, सकाळी 7:15

काय झालं मग? भरलास का न्हाई?

---

सँडप्लांट_शिरोली | 28 सप्टेंबर, रात्री 11:10

काका, ट्रान्सक्रिप्ट आली, पास ग्रेड 4 छापलीय, म्हणजे 2.45. एपीएसचे कागद पाठवले. आखनच्या मटेरियलच्या कोर्सला माझे क्रेडिट कमी पडतात, ते गळालं. मॅन्युफॅक्चरिंगचे तीन कोर्स काढलेत. युनि-असिस्टला (जर्मन विद्यापीठांचे अर्ज तपासणारी संस्था) पहिल्या अर्जाला 75 युरो आणि पुढच्या प्रत्येकाला 30, ते पगार झाल्यावर.

पंधरा हजारांतले साडेसहाशे थर्मामीटरला गेले. कोअर शेडमध्ये टांगलाय. मामाला आता रेघेचं सांगितलं, तर म्हणाला, मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.

---

निवृत्त_मास्तर | 29 सप्टेंबर, पहाटे 5:12

मग तपासणी आंधळी नव्हती. हेही वहीत लिहा.

---

सँडप्लांट_शिरोली | 29 सप्टेंबर, सकाळी 6:20

लिहिलं सर. फर्स्ट शिफ्ट आहे, निघतो.